यंत्राला सांगायचे तरी कसे?
'एपीटी' नावाच्या जुन्या भाषेची हकीकत आणि आपल्या वर्कशॉपला त्यातून घेण्याजोगा धडा



हंगाम संपला, धुराडे थंड झाले, की आपले लक्ष कारखान्यावरून उडते. आपण खोडव्याच्या मागे लागतो, बेणे बघतो, विहिरीचे पाणी कुठवर पुरेल याचा हिशेब करतो. पण त्याच दिवसांत कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये खरी धांदल असते. मिलचे रोल उतरवायचे, झिजलेल्या खाचा लेथवर पुन्हा कापायच्या, पंपाचे इंपेलर बदलायचे, गिअरचे दात तपासायचे. यातला एखादा भाग वेळेत झाला नाही तर गव्हाणीत मोळी पडायला उशीर होतो, आणि तो उशीर शेवटी फडात उभ्या राहिलेल्या उसालाच भोगावा लागतो. वजन घटते, उतारा घटतो. तेव्हा लोखंड कोण कापतो आणि कसे कापतो, हा विषय सभासदाच्या खिशापासून वाटतो तितका लांब नाही.

हे लोखंड कापण्याचे काम आता पुष्कळ ठिकाणी संगणकावर चालणारी यंत्रे करतात. कोल्हापूर, पुण्याकडच्या वर्कशॉपांत 'सीएनसी' अशी पाटी सर्रास दिसते. यंत्राजवळ माणूस उभा असतो, पण चाक फिरवत नाही. कटर आपोआप पुढे सरकतो, वळतो, मागे येतो. पाहणाऱ्याला वाटते, काय हुशार यंत्र! पण यंत्र हुशार नसते. ते आज्ञाधारक असते. त्याला कोणीतरी ओळीओळीने सांगितलेले असते की, एवढे सरक, इथे वळ, इथे थांब. हे सांगणे माणसाने कधी आणि कसे शोधून काढले, त्याची ही हकीकत.

पंख्याचे पाते आणि दोनशे ठिपके

अमेरिकेत मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी नावाचे गाव आहे. तिथे जॉन पार्सन्स या कारखानदाराकडे १९४० च्या दशकात हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती बनविण्याचे काम आले. पात्याचा आकार सरळ नाही, गोलही नाही. पुढून फुगीर, मागे निमुळता. असा आकार बरोबर झाला की नाही हे तपासायला पत्र्याचा अचूक फर्मा लागतो. तो फर्मा कापायचा कसा, हाच पेच होता. कंपनीकडून १७ ठिपक्यांची मापे मिळत. मधली रेघ कारागिराने नजरेने जुळवायची.

पार्सन्स आणि त्यांचे इंजिनिअर फ्रँक स्टुलेन यांनी वेगळी वाट काढली. त्या काळी हिशेबाला वापरत ती पंचकार्डावर चालणारी आयबीएमची गणकयंत्रे त्यांनी लावली आणि १७ च्या जागी २०० ठिपक्यांची मापे काढली. मग यंत्रापाशी तीन माणसे उभी केली. एकाने कागदावरचे आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने आडवे चाक तेवढे फिरवायचे, तिसऱ्याने उभे चाक. प्रत्येक ठिपक्याला कटर खाली उतरायचा. राहिलेले उंचवटे कानशीने घासून टाकायचे. लांबच लांब सरी काढताना आपण जवळजवळ खुंट्या ठोकतो, म्हणजे दोरी वाकत नाही. तोच हा प्रकार. खुंट्या जितक्या जवळ, तितकी सरी नेमकी.

आता विचार असा आला की आकडे वाचणारा आणि चाके फिरवणारे हे काम यंत्रानेच का करू नये? आकडे कार्डावर आहेतच. अमेरिकन वायुदलाला विमानाचे पंख सबंध धातूच्या पाटातून कोरून हवे होते, त्यामुळे त्यांनी १९४९ साली या कामाला पैसा दिला. पार्सन्सनी मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेला सोबत घेतले. १९५२ साली त्या प्रयोगशाळेने सिनसिनाटी कंपनीचे एक मोठे मिलिंग मशीन भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर चालवून दाखवले. (इथे मिलिंग म्हणजे उसाचे गाळप नव्हे, फिरत्या कटरने धातू कोरणे.) पट्टीवरची भोके वाचायची आणि तिन्ही दिशांची चाके आपोआप फिरवायची. पार्सन्स आणि स्टुलेन यांच्या पेटंटला १९५८ साली मंजुरी मिळाली आणि १९८५ साली अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक दोघांना देण्यात आले.

यंत्र तयार, पण हिशेब कोण करणार?

यंत्र झाले, पण नवीनच अडचण उभी राहिली. पट्टीवर भोके पाडण्याआधी प्रत्येक ठिपक्याचा हिशेब माणसालाच करावा लागे. आणि हा हिशेब सोपा नव्हे.

का, ते नांगराच्या उदाहरणाने पाहू. बांधाच्या कडेने नांगर धरला तर बैल बांधावरून चालत नाही, बांधापासून थोडा आत चालतो. बांध वाकडा असेल तर बैलाची वाट त्याच्याशी अंतर राखून वळते. कटरचेही तसेच. कटर जाडीला असतो, आणि त्याचा मध्य आकाराच्या रेघेवरून जात नाही, अर्ध्या जाडीएवढा बाजूने जातो. म्हणजे ड्रॉइंगवरचा आकार एक आणि कटरची वाट दुसरी. सरळ रेघेला ठीक आहे. वळणावळणाच्या पात्याला हा हिशेब हाताने करायचा म्हणजे दिवसच्या दिवस जात. कापायला थोडा वेळ आणि सांगायला ढीगभर, असे व्यस्त गणित झाले.

इथे डग्लस रॉस या तरुण गणितज्ञाचे नाव येते. १९५६ पासून एमआयटीतल्या त्यांच्या गटाने या कामासाठी एक भाषाच बनवली. तिचे नाव एपीटी. आपल्या भाषेत सांगायचे तर 'आपोआप कार्यक्रम आखून दिलेली हत्यारे'. आज ज्याला कॅम सॉफ्टवेअर म्हणतात, म्हणजे संगणकाच्या मदतीने उत्पादन, त्याच्या घराण्यातली ही थोरली पाती.

या भाषेची खुबी अशी की ती आकडे विचारत नाही, रस्ता विचारते. आधी आकाराची ओळख करून द्यायची. हा बिंदू, ही रेघ, हे वर्तुळ, प्रत्येकाला नाव. मग गाडीवानाला सांगावे तसे सांगायचे. या रेघेच्या उजव्या अंगाने राहा, त्या वर्तुळाला टेकेपर्यंत जा, तिथून डावीकडे वळ. कटरच्या जाडीचा सगळा हिशेब संगणकाने करायचा. शब्द इंग्रजी, पण सहा अक्षरांच्या आत बसवलेले, त्यामुळे 'स्पिंडल' आणि 'कूलंट' हे शब्दसुद्धा एकेक रोमन अक्षर गाळून लिहीत.

प्रत्येक हालचालीला एपीटी तीन गोष्टी धरून चाले. कटरचे टोक कोणत्या पृष्ठावर टेकवायचे, त्याची बाजू कशाच्या कडेने न्यायची, आणि कशाला भिडल्यावर थांबायचे. नांगरणाऱ्या गड्याला आपण तरी दुसरे काय सांगतो? किती खोल, कोणत्या बांधाच्या कडेने आणि कुठवर. एवढे कळले की गडी कामाला लागतो. फरक इतकाच की गड्याला न सांगता बऱ्याच गोष्टी कळतात, संगणकाला त्या एकूण एक लिहून द्याव्या लागतात.

२५ फेब्रुवारी १९५९ रोजी एमआयटीत पत्रकार परिषद भरवून ही भाषा जगापुढे आणली गेली. आलेल्या पाहुण्यांना भेट म्हणून एपीटीच्या कार्यक्रमावर कोरलेला ॲल्युमिनियमचा ॲश-ट्रे देण्यात आला. दिसायला मामुली वस्तू! पण तिची वळणे कोणा कारागिराने हाताने दिलेली नव्हती, ती कागदावरच्या शब्दांनी दिलेली होती.

प्रतिस्पर्ध्यांचा सहकार

सहकाराच्या माणसांना या हकीकतीतला पुढचा भाग विशेष रुचावा. एपीटी हे एकट्या एमआयटीचे काम नव्हते. अमेरिकेतल्या विमान बनविणाऱ्या कंपन्या धंद्यात एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी. पण त्यांच्या सामायिक संघटनेमार्फत त्यांनी हे काम वाटून घेतले. अमुक भाग तू लिही, तमुक मी लिहितो, आणि झाल्यावर सगळ्यांनी वापरायचा. ज्याने त्याने वेगळी भाषा काढली असती तर खर्च कैकपट झाला असता आणि यंत्रवाल्यांना दहा भाषा शिकाव्या लागल्या असत्या. १९६१ साली भाषा सांभाळायचे आणि सुधारायचे काम शिकागोतल्या एका संशोधन संस्थेकडे गेले. वर्गणी कंपन्यांची आणि उपयोगही त्यांचाच. एकट्याला न झेपणारे काम चौघांनी मिळून उचलायचे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणखी एक शहाणपण त्यांनी दाखवले. यंत्रे निरनिराळ्या कंपन्यांची, आणि प्रत्येक यंत्राची बोली निराळी. म्हणून त्यांनी कामाचे दोन तुकडे केले. पहिल्या तुकड्यात कटरने कोणत्या वाटेने जायचे एवढेच ठरवायचे. ते कोणत्याही यंत्राला सारखे. दुसऱ्या तुकड्यात ती वाट त्या त्या यंत्राच्या बोलीत उतरवायची. या दुसऱ्या तुकड्याला 'पोस्ट-प्रोसेसर' म्हणतात. निरोप एकच, पण कोल्हापूरच्या माणसाला एका ढंगात सांगायचा आणि वऱ्हाडातल्या माणसाला दुसऱ्या, तसे हे. नवीन यंत्र आले तर सगळा निरोप पुन्हा लिहायचा नाही, फक्त दुभाषा बदलायचा. आजच्या प्रत्येक कॅम सॉफ्टवेअरमध्ये ही वाटणी कायम आहे. विमान उद्योगात वापरले जाणारे कॅटियासारखे सॉफ्टवेअर आजही एपीटीच्या धर्तीची फाईल लिहून देऊ शकते. साठ वर्षांहून जुनी भाषा, पण साध्या शब्दांत लिहिलेली, म्हणून टिकली.

कसब कुणाच्या हाती?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हकीकत एकांगी होईल.

पट्टी येण्याआधी कसब कारागिराच्या हातात होते. लोखंड कडक आहे की मऊ, कटर बोथट झाला की नाही, हे त्याला आवाजावरून कळे. पट्टी आल्यावर विचार करायचे काम ऑफिसातल्या टेबलाकडे गेले आणि यंत्रापाशी बटण दाबणारा उरला. हे अटळच होते का? तसे नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकातच जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दुसरी एक पद्धत करून पाहिली होती. जाणता कारागीर पहिला नग हाताने कापील, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदल्या जातील आणि पुढचे नग यंत्र त्या फितीवरून कापील. म्हणजे कसब कारागिराचेच, यंत्र फक्त त्याची नक्कल करणार. ही पद्धत मागे पडली. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या आपल्या पुस्तकात असे मांडले की, यामागे निव्वळ तांत्रिक कारण नव्हते, कामावरचा ताबा कारागिराकडून व्यवस्थापनाकडे यावा ही इच्छाही होती. सगळ्यांना हे पटते असे नाही. वळणदार, अवघड आकार हाताने कापून नोंदवणे मुळातच कठीण, हा मुद्दाही खरा आहे. पण कागद ज्याच्या हाती, काम त्याच्या हाती, एवढे तर कोणालाही दिसते.

आणि कागदाने सगळे भागले असेही झाले नाही. ओतीव लोखंडात एखादी कडक गाठ निघते, कटर अवेळी झिजतो, जॉब शिकंज्यात नीट बसलेला नसतो. पट्टीला यातले काही कळत नाही. म्हणून आजच्या सीएनसी यंत्रावरही वेग कमी-जास्त करायची घुंडी माणसाच्या हाताशी ठेवलेली असते. आवाज बदलला की जाणता ऑपरेटर घुंडी मागे घेतो. न जाणणारा तसाच उभा राहतो, आणि कटरही जातो, जॉबही जातो. यंत्र महाग झाले म्हणून माणूस स्वस्त झाला, असे ज्यांनी धरले त्यांना भंगाराच्या ढिगाऱ्याने उत्तर दिले आहे.

मोडी कागद आणि जुनी आवृत्ती

एपीटीनंतर सोपी सॉफ्टवेअरे आली. १९८० च्या दशकात लहान संगणक निघाले आणि छोट्या वर्कशॉपलाही कॅम परवडू लागले. अमेरिकेत १९८३ साली स्थापन झालेल्या कंपनीचे मास्टरकॅम हे त्यातले एक नावाजलेले सॉफ्टवेअर. आता शब्द लिहायचे नाहीत, पडद्यावर आकार काढायचा आणि कटरची वाट तिथेच पाहायची. काम फार सोपे झाले.

पण सोपेपणाबरोबर एक गोम आली. अशी सॉफ्टवेअरे दर थोड्या वर्षांनी नवी आवृत्ती काढतात आणि फाईल साठवण्याची त्यांची रीतही बदलते. साधारण नियम असा की नवी आवृत्ती जुनी फाईल उघडते, जुनी आवृत्ती नवी फाईल उघडत नाही. आणि मधल्या चार पायऱ्या गाळल्या तर जुनी फाईल उघडली तरी जशीच्या तशी येईलच याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून कित्येक वर्कशॉपांत एका कोपऱ्यात जुना संगणक झाकून ठेवलेला असतो. त्यावर जुनी आवृत्ती, तिची पाठीमागे खोचायची किल्ली आणि जुन्या यंत्राचा तो दुभाषा. तो संगणक बंद पडला की दहा वर्षांचे काम मुके होते.

याची गत आपल्या घरातल्या मोडी कागदांसारखी आहे. पेटीत आजोबांच्या वेळचे कागद असतात. शाई शाबूत, कागद शाबूत, सहीशिक्का शाबूत. पण वाचणारा मिळत नाही. जमिनीची भांडणे लागली की मोडी वाचणारा शोधत तालुक्याला हिंडावे लागते. कागद असणे आणि कागद वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सभासदांनी काय विचारावे?

या लांबलचक हकीकतीचा आपल्याशी संबंध तो हाच. कारखाना आपल्या भागभांडवलावर उभा आहे. एखादा इंपेलर किंवा गिअर बाहेरून करून आणला, तर पैसे आपण मोजतो. त्या भागाचा लाकडी फर्मा केला असेल तर तो आपल्या गोदामात राहतो की ओतशाळेत, हे जुने लोक आवर्जून विचारत. फर्मा ज्याच्याकडे, गिऱ्हाईक त्याच्या दारी. आज फर्म्याच्या जोडीला संगणकाची फाईल आली आहे, पण ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून कोणी विचारत नाही. पुढच्या हंगामात तोच भाग दुसरीकडे करून घ्यायचा म्हटले की हात रिकामे असल्याचे कळते, आणि पहिलाच कारखानदार सांगेल तो दर द्यावा लागतो.

तेव्हा काम देतानाच, करारातच, चार गोष्टी मागून घ्याव्यात.

पहिली, मापांसह ड्रॉइंग, कागदावर छापलेले. धातूची जात आणि कठीणपणा त्यावर लिहिलेला. सॉफ्टवेअरे येतील आणि जातील, ड्रॉइंग वाचणारा टर्नर कायम मिळेल.

दुसरी, आकाराची फाईल सर्वमान्य पद्धतीत. आयजीईएस ही अशी पद्धत १९८० पासून आहे आणि स्टेप १९९४ पासून. ती एका कंपनीच्या मालकीची नाही, निरनिराळी सॉफ्टवेअरे ती वाचतात.

तिसरी, कॅमची मूळ फाईल, आणि ती कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत केली याची नोंद. यंत्राला दिलेल्या ओळी, ज्यांना जी-कोड म्हणतात, त्याही घ्याव्यात. त्या साध्या अक्षरांत असतात, कोणत्याही संगणकावर वाचता येतात. मात्र त्या एका यंत्राच्या बोलीतल्या असतात, दुसऱ्या यंत्राला तपासल्याशिवाय देऊ नयेत. कटर भलतीकडे घुसायला वेळ लागत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यांत मोलाची आणि तिला पैसा लागत नाही. आपल्या वर्कशॉपच्या जुन्या टर्नर-फिटरच्या डोक्यात जे आहे ते वहीत उतरवून घेणे. अमुक रोलला कापताना वेग किती ठेवला, कोणत्या ओतकामात गाठी निघाल्या, कोणता भाग दर दोन हंगामांनी झिजतो. हा माणूस निवृत्त होतो त्या दिवशी हार-नारळ देऊन आपण मोकळे होतो, आणि तीस वर्षांची माहिती त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जाते.

पार्सन्सच्या यंत्रापाशी आकडे वाचणारा एक माणूस होता. पुढे त्याची जागा पंचकार्डाने, मग पट्टीने, मग एपीटीने, मग पडद्यावरच्या सॉफ्टवेअरने घेतली. पण आकडे आधी कुणीतरी जाणत्याने ठरवावे लागतात, ही गोष्ट पहिल्या दिवशी खरी होती आणि आजही खरी आहे. ते ठरवलेले नीट लिहून ठेवणे आणि लिहिलेले आपल्या कपाटात ठेवणे, एवढे काम मालकाचे. आणि सहकारी कारखान्यात मालक म्हणजे आपणच. येत्या वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचाराल तेव्हा हाही एक प्रश्न विचारा की, आमच्या सुट्या भागांची ड्रॉइंगे आणि फाईली कुणाच्या कपाटात आहेत?